आंबिलीला शॉकअप

"ह्या सायकलीवर बसून, भरल्या कपातला चहा पीत पीत मी भालकीला जातो बघा. थेंब सांडला तर अर्धी मिशी उतरवतो," गुरुबसव म्हणाला.

हे तो कमलनगरच्या बस स्टँडसमोरच्या हॉटेलात, सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. बाकड्यावरच्या मंडळींना भालकीपर्यंत जायची गरज वाटली नाही. हॉटेलाच्या पायऱ्या उतरून दाखव, तेवढ्यावर भागवून घेऊ, असं त्यांनी सांगितलं. गुरुबसवनं कप काठोकाठ भरून घेतला, सायकल वर चढवली, एक हात हँडलला, एक हात कपाला, आणि निघाला.

पहिल्या पायरीला सायकलीचं मागचं अंग खाली बसलं. बसलं ते बसलंच. पुढच्या पायरीला पुढचं अंग खाली गेलं, आणि मागच्याला अचानक काहीतरी आठवल्यासारखं ते उसळून वर आलं. गुरुबसव हँडलवरनं पुढं गेला. कप मागं गेला आणि भज्याच्या कढईत पडला. तापल्या तेलात चहा पडला की काय होतं हे ज्यांना माहीत होतं ते आधीच बाकड्यावर चढून उभे होते. बाकीचे मागाहून चढले, सगळे एकाच टोकाला. मग बाकडंही गेलं.

मिशीचा विषय गुरुबसवनं नंतर निघू दिला नाही. थेंब सांडला नव्हता, अख्खा कपच गेला होता, आणि कपाबद्दल आपण काही बोललोच नव्हतो, असं त्याचं म्हणणं होतं.

सायकल मुळात त्याची नव्हतीच. हैदराबादेत त्याचा चुलतभाऊ आहे, श्रीशैल. त्यानं कधीतरी हौसेनं घेतलेली ही डोंगरात चालवायची सायकल. पुढच्या चाकाला शॉकअप, मागच्या चाकाला शॉकअप, मधे सांध्यासांध्यांत बोल्ट, त्यामुळं सायकलीचं मागचं अंग पुढच्यापेक्षा वेगळा विचार करायला मोकळं. श्रीशैलचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोनं घर बघितलं, तशी सायकल बसच्या टपावर बसून कमलनगरला आली. कमलनगरला डोंगर नाही. पण रस्ते असे आहेत की डोंगराची आठवण येत नाही.

येईपर्यंत सायकल म्हातारी झाली होती. पुढचा शॉकअप तेल गाळायचा, मागचा उसासे टाकायचा, आणि ब्रेक दाबला की असा आवाज निघायचा की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची. गुरुबसवचं फवारणी पंपांचं दुकान. पंप दुरुस्त करणाऱ्याला जगातली कोणतीही वस्तू दुरुस्त करता येते, हे तो कुणालाही सांगायचा. वर त्याला मोबाइलमध्ये एक दाढीवाला गुरू सापडला होता. जुनी सायकल फेकू नका, थोड्या पैशात ती नव्यासारखी करा, असं तो दाढीवाला इंग्रजीत समजावायचा. गुरुबसवला त्याचं इंग्रजी कमी कळायचं, पण हात बघून सगळं कळायचं. थोड्या पैशात जे होतं ते बिनपैशात का होऊ नये, एवढी सुधारणा त्यानं स्वतःच्या डोक्यानं केली होती.

बायको सुधारानी हिचा दाढीवाल्यावर राग नव्हता. राग ओसरीतल्या कोपऱ्यावरून होता. तिथं तिला पिठाची छोटी चक्की बसवायची होती. वायरमन येऊन चक्कीसाठी प्लग लावून गेला होता. त्या प्लगाला आता गुरुबसवचा मोबाइल लटकायचा, त्यात दाढीवाला बोलायचा, आणि खाली सायकल उभी असायची.

दाढीवाल्यानं सांगितलं, आधी टायर बघा. त्यानं टायरातली ट्यूब काढून टाकली, आत एक पांढरं दाट पाणी ओतलं, हवा भरली, चाक हलवलं आणि मग टायरात खिळा मारून दाखवला. भोकातनं पांढरं आलं, वाळलं, भोक बुजलं. आपल्याकडं बाभळीच्या काट्यांचा तोटा नाही. गुरुबसवनं त्या पांढऱ्या पाण्याची किंमत बघितली आणि मोबाइल पालथा घातला.

मग त्याला आठवलं की असं पांढरं, दाट, वाळल्यावर दगड होणारं काहीतरी त्यानं हातानं केलेलं आहे. ज्वारीच्या पिठाची खळ. तरुणपणी याच खळीनं त्यानं निवडणुकीची पोस्टरं चिकटवली होती. त्यातले उमेदवार कधीच पुसून गेले, पोस्टरं अजून आहेत. खळ टायरात लगेच वाळू नये म्हणून त्यानं तिच्यात ताक घातलं, आणि दोन्ही टायरांत गच्च भरून वर पंपानं हवा मारली.

सुधारानीनं बोट लावून वास घेतला. "अवो, ह्याला आंबील म्हणतेत," ती म्हणाली.

गुरुबसवनं तिला टायरातलं काही कळत नाही असं सांगितलं. तिला टायरातलं कळत नव्हतं. ज्वारीचं पीठ, ताक आणि ऊन एका जागी बंद करून ठेवलं तर काय होतं, एवढंच कळत होतं. तिनं धुणं दुसऱ्या दोरीवर नेऊन वाळत घातलं आणि वाट बघितली.

मागचं चाक भर दुपारी फुटलं. गल्लीतल्या लोकांना ट्रान्सफॉर्मर उडाला असं वाटलं आणि त्यांनी सवयीनं आपापल्या मोटारीचे स्विच बंद केले. गुरुबसवचे वडील चनमल्लप्पा ओसरीतल्या बाजेवर झोपले होते. मानेचा मणका सरकल्यामुळं डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यात जाड पट्टा घातला होता, त्यामुळं त्यांना मान वळवता येत नव्हती. काय झालं, काय झालं, असं ते वर बघतच विचारत राहिले. वरनं आंबील गळत होती. काय झालं हे त्यांना तोंडात पडल्यावर कळलं, आणि मीठ कमी आहे एवढंच ते बोलले.

पुढचं चाक गुरुबसवनं पळत जाऊन मोकळं केलं. तेव्हा त्याचं तोंड त्या चाकासमोरच होतं.

त्या दिवशी सुधारानीनं शांतपणे सांगून टाकलं की येळवसच्या आत सायकल घराबाहेर गेली पाहिजे. येळवस तोंडावर आली होती. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडं घरात कुणी काढत नाही, सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि ज्वारीचे उंडे खायचे, आणि आंबील प्यायची. पिऊन उरलेली आंबील रानात शिंपडायची. आंबिलीचं मडकं घरून शेतात डोक्यावरनं जातं. ते न सांडता पोचलं पाहिजे. चनमल्लप्पांनी ते जन्मभर नेलं होतं आणि कधी थेंब सांडला नव्हता. असं ते स्वतः सांगायचे. बघणारे आता कोणी उरले नव्हते.

यंदा गळ्यात पट्टा. मडकं कोण नेणार हा प्रश्न निघाला तेव्हा सुधारानी भिंतीवरची खळ खरवडत होती. तिनं मागं न बघता सांगितलं की ती नेईल डोक्यावर, त्यात काय एवढं. प्रश्न तिथंच संपला होता.

"डोक्यावर कामून?" गुरुबसव म्हणाला. "सायकल हाय की."

सुधारानीनं हात थांबवला. "कोणती? आत्ता भिंतीवर हाय ती?"

"तिला मागंपुढं शॉकअप हाय. तुज्या मानेला हाय का?"

बाजेवरनं चनमल्लप्पा म्हणाले की मानेचा विषय काढू नये. सासू रत्नम्मा मधे पडायला उठल्या, पण सुधारानीचा चेहरा बघून परत बसल्या. ती रागावली नव्हती. ती हसायली होती.

"बरं," ती म्हणाली. "आंबील शेतात भरल्या मडक्यानं पोचली तर सायकल ओसरीत ऱ्हाईल, मी चक्कीचं नाव काढणार न्हाई. सांडली तर दुसऱ्या दिवशी सायकल भंगारात. आन थेंब, कप, मडकं, सगळं धरून बोलायलेय मी."

गुरुबसवनं वडिलांच्या, अप्पांच्या देखत कबूल केलं.

आता खेळ सायकलीच्या जिवाचा होता, म्हणून तो काशप्पाकडं गेला. काशप्पा म्हणजे स्टँडवरनं खेड्यापाड्याला जाणाऱ्या जीपगाड्यांचा मिस्त्री. जीपमध्ये बसायला जागा असते त्याच्या दुप्पट माणसं बसतात आणि तरी ती पोचते, हा त्याच्या विद्येचा पाया. त्यानं सायकलीच्या मागच्या शॉकअपवर तळहात दाबला. शॉकअपनं उसासा टाकला आणि त्याच्या पँटवर तेल ओकलं.

काशप्पानं डब्यात हात घालून एका जुन्या मोपेडचा शॉकअप काढला. त्या मोपेडवर एक गवळी दुधाचे कॅन न्यायचा. मोपेड गेली, गवळ्यानं धंदा सोडला, शॉकअप जसाच्या तसा होता. भोकं जुळत नव्हती. काशप्पानं हातोडीनं जुळवली. गुरुबसव सायकलीवर बसला. शॉकअप हलला नाही. तो सीटवर उड्या मारू लागला. शॉकअप हलला नाही. काशप्पा मागनं दांडीवर चढला, तेव्हा स्प्रिंग किंचित दबली, आणि काशप्पा उतरताच तिनं गुरुबसवला सीटवरनं वीतभर वर टाकून परत झेललं.

"अण्णा, चूक शॉकअपची न्हाई," काशप्पा म्हणाला. "तुमी हलके हाव."

"मग आता?"

"जीपमधी माणसं कमी बसली की जीपबी अशीच उडती. भरून घ्या."

गुरुबसवनं विचारलं की म्हणजे जाड व्हायचं का. येळवसपर्यंत होत असाल तर व्हा, नाहीतर पोती टाका, असं काशप्पा म्हणाला आणि एका जीपच्या खाली शिरला.

पोत्यांवर गुरुबसव राजी झाला. तुरीची दोन अर्धी पोती त्यानं दांडीवरनं दोन्ही बाजूंना सोडली, गाढवावर टाकतात तशी. आता स्प्रिंग बसली आणि सायकल खरोखर मऊ चालू लागली. मग काशप्पानं मागच्या चाकाच्या आसाला लोखंडी कॅरेज जोडून दिलं, त्यावर पाण्यानं भरलेलं मडकं बांधलं, आणि गुरुबसव तालमीला निघाला.

गुरुबसवला रस्त्यावरचा एकही खड्डा लागला नाही. तो पाळण्यात बसल्यासारखा गेला. सगळे खड्डे मडक्याला लागले. तो परत आला तेव्हा मडकं रिकामं होतं आणि त्याच्या सदऱ्याची पाठ पिळून काढण्यासारखी झाली होती. काशप्पा बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला, मग त्यानं उलगडा केला. कॅरेज चाकाला जोडलं, म्हणजे चाक उडेल तसं कॅरेज उडणार. शॉकअपचं सुख मिळतं ते शॉकअपच्या वर बसणाऱ्याला. आणि वर बसायची जागा सायकलीला एकच असते.

दोघं सीटकडं बघत राहिले.

"मग मी कुटं बसू?" गुरुबसव म्हणाला.

"तुमी कशाला बसायलाव?"

अशा रीतीनं शेवटची व्यवस्था ठरली. सीटवर कापडाची चुंबळ, चुंबळीवर मडकं, मडक्याला घोंगडं गुंडाळून दोरीनं आवळलेलं. दांडीवर तुरीची पोती. आणि गुरुबसव बाजूनं, हँडल धरून, पायी. टायरांत ट्यूब परत घातली होती. दाढीवाल्याच्या एकाही व्हिडिओत ही पद्धत दाखवलेली नाही, हे गुरुबसव अभिमानानं सांगायचा.

"म्हंजी सायकल आंबील नेणार, आन तुमी सायकल नेणार," सुधारानी म्हणाली.

गुरुबसवनं हो म्हटलं. तिनं चक्की जोडायला वायरमनला फोन करून ठेवला.

येळवसच्या सकाळी आंबील मडक्यात भरली, वर लसणाची फोडणी, कोथिंबीर. रत्नम्मांचा लेकाच्या सायकलीवर जीव होता, कारण ती लेकाची होती. त्यांनी सायकलीची पूजा केली. हँडलवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या, झेंडूचा हार घातला, टायरांना कुंकू लावलं. दोन्ही चाकांजवळच्या लोखंडी चकत्या रोज किरकिर करायच्या, त्यांना देवघरातल्या वाटीतलं करडीचं तेल चांगलं थापून लावलं. दाराच्या बिजागरीला लावतात तसंच. आणि खरोखर आवाज थांबला. त्या चकत्यांना धरूनच ब्रेक लागतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पूजेत काय काय केलं हे कुणी कुणाला सांगत नसतं.

घरची मंडळी भज्जीची पातेली घेऊन काशप्पाच्या जीपनं पुढं गेली. चनमल्लप्पा पुढच्या सीटवर, मान सरळ, एखाद्या मंत्र्यासारखे. मागनं सायकल निघाली.

गाव सुटेपर्यंत सगळं ठीक चाललं. काळ्या रानाची वाट आली, चाकं वर-खाली झाली, स्प्रिंगनं सगळं गिळलं. मडकं गादीवर बसल्यासारखं होतं. वाटेत शेजारच्या शेतकऱ्यानं, अंकुशरावांनी, त्याला अडवलं. अंकुशरावांचं रान या वाटेच्या कडेनं उतरत उतरत थेट ओढ्यापर्यंत जातं. त्यांची कोपही खाली ओढ्याच्या काठाला होती. ते स्वतः वर वाटेवर उभे होते, उदगीरहून यायच्या पाहुण्यांची वाट बघत.

"गुरुबसव, लोकं तूर शेतातून घरी नेतेत. तू घरून शेतात कामून न्यायलास?"

"वजनाला हाय, काका."

"आन सायकलीवर बसायला काय झालं?"

"जागा न्हाई."

अंकुशराव सायकलीभोवती एक फेरी मारून आले. घोंगड्याला हात लावून बघितला. "कोण बसलंय?"

"आंबील हाय."

"आंबील बसलीय आन तू चालायलास," अंकुशराव म्हणाले, आणि हे आपण एकट्यानं बघणं बरोबर नाही असं वाटून त्यांनी खाली कोपीतल्या माणसांना हाका मारल्या. भज्जीनं बरबटलेले हात घेऊन सगळी बाहेर येऊन उभी राहिली. त्यांची सून अंजू, तिनं तर मोबाइल काढला.

गुरुबसव मान ताठ करून पुढं निघाला. इथून वाट ओढ्याकडं उतरते, ओढ्यापलीकडं थोडा चढ, आणि चढावर त्यांचं रान. उतार लागला तसा त्यानं ब्रेक दाबला.

आवाज आला नाही. दुसरंही काही आलं नाही. फक्त करडीच्या तेलाचा, कुणीतरी पुऱ्या तळायला घेतल्यासारखा वास आला. तुरीची दोन अर्धी पोती आणि एक मडकं आंबील यांनी सायकलीला पुढं ओढलं, सायकलीनं गुरुबसवला. त्यानं टाचा रोवल्या. चपला मागं राहिल्या. हँडल घामेजल्या हातातनं सुटत गेलं तसं त्यानं झेंडूचा हार धरला, आणि हार तुटून त्याच्या हातात आला.

सायकल एकटी गेली.

ती फार सुंदर गेली, हे मान्य करायला पाहिजे. दगड आला की पुढचं अंग नमायचं, खड्डा आला की मागचं बसायचं, मधे मडकं घोंगडं पांघरून, घोड्यावरच्या नवरदेवासारखं जरा मागं रेलून. दाढीवाल्यानं बघितली असती तर त्याला बोलायला इंग्रजीही सुचलं नसतं. जी सायकल गुरुबसवला घेऊन हॉटेलाच्या पायऱ्या उतरू शकली नव्हती, ती गुरुबसवशिवाय सगळा उतार उतरली. अंकुशरावांच्या कोपीतली माणसं वाट सोडून बाजूला झाली. ओढ्यात घोटाभर पाणी होतं, ते दोन बाजूंना उडवून सायकल पलीकडं निघाली आणि चढाला लागली.

वरच्या रानात सगळी पूजेच्या तयारीत होती. वाटेकडं तोंड फक्त चनमल्लप्पांचं होतं, कारण त्यांना तसं बसवलं होतं आणि दुसरीकडं बघता येत नव्हतं.

"आंबील आली," ते म्हणाले.

सुधारानीनं विचारलं की हे कुठं आहेत.

"त्यो न्हाई. नुस्ती आंबील आली."

चढानं सायकलीचा जोर मोडला. ती हळूहळू कोपीपाशी आली, कडब्याला हलकेच खांदा टेकवला आणि उभी राहिली. रत्नम्मांनी पदर सावरून हात जोडले. जन्मभर त्या येळवसला शेतात आल्या होत्या, पण आंबील स्वतःहून आलेली त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

गुरुबसव बऱ्याच वेळानं आला. अनवाणी, पायांत काटे, हातात झेंडूचा हार. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. सुधारानी दोरी सोडत होती. तिनं घोंगडं काढलं, आतनं बाहेरनं तळवा फिरवून बघितला. कोरडं होतं. झाकण काढलं. मडकं काठोकाठ भरलेलं होतं. वरची साय मोडली नव्हती. कोथिंबीर जिथं टाकली होती तिथंच होती. ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिली, एखादा थेंब तरी लपून बसला असेल म्हणून.

सुधारानी दिलेला शब्द फिरवणाऱ्यातली नव्हती. "ऱ्हाऊ द्या सायकल," ती म्हणाली. तिथंच तिनं वायरमनला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं.

मग पूजा झाली, आंबील प्यायली गेली, रानात शिंपडली गेली. चनमल्लप्पांनी मान न हलवता दोन तांबे घेतले. आणि गुरुबसव बोलत राहिला. जेवणभर बोलत राहिला. पुढच्या येळवसला गावातल्या प्रत्येक घराची आंबील अशी नेता येईल, आपण दुकानात पंपांच्या शेजारी ह्याचंही काम सुरू करू, उतारावर आपण सायकल मुद्दाम सोडली, कारण अशा वेळी माणसानं यंत्रावर विश्वास ठेवायचा असतो. काशप्पा शेंगाच्या पोळीत तोंड घालून ऐकत होता. त्यानं एकदाही वर बघितलं नाही.

भज्जीचा तिसरा वाढा झाला तेव्हा सुधारानीला ते सहन होईना.

"ऱ्हाईल सायकल ओसरीत," ती म्हणाली. "पण सायकल म्हणून ऱ्हायची तर बसून घरी न्या. ढकलतच न्यायची असंल तर चक्की काय वाईट हाय? तिलाबी चाकं असतेत."

काशप्पा हसला. अप्पा हसले, मान न हलवता हसल्यामुळं त्यांचा पट्टा वर-खाली झाला. गुरुबसवला हे लागलं. तो हात धुवून उठला. तूर दिवसभर रानात कशाला, म्हणून अप्पांनी पोती जीपमध्ये टाकायला लावली होती. मडकं रिकामं होऊन सुधारानीच्या पाटीत गेलं होतं. सायकल एकदम मोकळी झाली होती आणि मागच्या बाजूनं बरीच उंच दिसत होती.

काशप्पा तोंडातला घास गिळून काहीतरी सांगायला उठला. गुरुबसवनं त्याला हातानं थांबवलं, सगळ्यांना आपल्याकडं बघायला लावलं, आणि सायकलीवर बसून ओढ्याच्या दिशेनं निघाला. पहिल्यांदाच त्यानं एकही हात हँडलवरनं काढला नाही.

ओढ्यापलीकडं अंकुशरावांचे उदगीरचे पाहुणे नुकतेच येऊन कोपीत पानांवर बसले होते. त्यांना आंबील वाढायची होती, मडकं मधे आणून ठेवलं होतं.

ब्रेक लागला नाही. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर सायकल दरडीला धडकली आणि मागच्या स्प्रिंगनं गुरुबसवला वर टाकलं. तो कोपीत वरच्या बाजूनं गेला. कोप बसली. पाहुण्यांना लागलं नाही. अंकुशरावांची आंबील सगळी सांडली.